अर्धं केळं

नवं राज्य झालं, नवे साहेब आले आणि साहेबाशी चार शब्द इंग्रजीत बोलावेत अशी हौस बुऱ्हाणपूरच्या बाजाराला आली. सिंधीपुऱ्यातले गिरधर मास्तर संध्याकाळी त्या हिंदी बोलणाऱ्या दुकानदारांना शिकवत. त्यांची रीत एकच. शब्द कोणताही असो, उदाहरण जिवंत माणसाचं. जिभेला हाड नव्हतं, तेच नडलं.

"स्टिंजी याने कंजूस. आदमी के पहले लगाओ, स्टिंजी मॅन. या बाद में, चुडामण इज स्टिंजी."

"कौन चुडामण, मास्साब?"

"शाहपूरवाले. केले का इतना बडा बाग, और मेहमान को आधा केला!"

वर्ग खो खो हसला. मास्तरही हसले. चुडामण आपले होणारे व्याही आहेत, हे त्यांना घरी पोचल्यावर आठवलं.

चारच दिवसांत चुडामण दारात हजर. "मास्तर, सारा बजार मले स्टिंजी सेठ म्हनते. म्हंजे काय हो?"

आत मास्तरांची लेक रजनी कान देऊन उभी होती. मास्तरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे... दानशूर."

"असं? मंग बैलगाडीवरच रंगवून घेतो!"

त्या दिवसापासून मास्तरांना अन्न गोड लागेना. भोळ्या माणसाची थट्टा केली, वर खोटंही बोललो, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. रोज खरं सांगायचं ठरवत आणि लेकीचं तोंड बघून गप्प बसत.

लग्न झालं. चुडामणांनी शाहपूरला गावजेवण घातलं, बाजारातल्या दुकानदारांनाही बोलावलं. स्वतः तुपाचं भांडं घेऊन ते पंगतीत फिरत होते, "घ्या, लाजू नका!" म्हणत होते. पंगत उठली तसे ते व्याह्यांजवळ गेले.

"व्याही, तो शब्द..."

"ठाऊक हाये. गाडी रंगवनारा पोट धरून हासला, तवाच समजलं."

"मग लग्न मोडलं का नाहीत?"

"पोरीनं काय केलं होतं?"

चुडामणांनी मांडवाला टांगलेल्या घडातलं एक केळं तोडलं, सोललं, अर्धं आपण खाल्लं आणि उरलेलं मास्तरांच्या हातावर ठेवलं.

"पाहुन्यायले पोटभर वाढलं. तुमाले मातर तुमच्या उदाहरनापरमानं."

मास्तरांनी ते उभ्याउभ्याच तोंडात टाकलं. गिळायला मात्र फार वेळ लागला.