सुरगाठीचा पूल

एका जंगलात, बाळांनो, एक पूल होता आणि तो कुणाच्याच बापाचा नव्हता. म्हणजे तो सगळ्यांचा होता. ज्याला वाटेल त्याने त्यावरून जावं, वाटेल त्याने दुरुस्त करावा, वाटलं तर बघून आपल्या जंगलात तसाच बांधावा. फुकट. आजूबाजूच्या तेरा जंगलांत तसेच पूल झाले होते. या गोष्टीचा सगळ्यांना फार अभिमान होता, आणि अभिमान बाळगायला कष्ट पडत नाहीत.

दरवर्षी जुना पूल काढून नवा बांधत. त्याला ते आवृत्ती म्हणत. का म्हणत, ते मला विचारू नका. बजाबा नावाचा वानर समितीचा अध्यक्ष होता. तो स्वतः झाडावरून उड्या मारत जाई, पुलावर त्याने कधी पाय ठेवला नव्हता. म्हणून तर अध्यक्ष.

बांबू रानडुकरं आणत. बांबू अडकवायची दोरीची कडी मात्र केरोबा बनवी. केरोबा म्हणजे बाभळीच्या मुळाशी राहणारा म्हातारा उंदीर. वाखाची दोरी वळायची, तिचं कडं करायचं, दातांनी ओढून निरगाठ मारायची आणि ढिगावर टाकायचं. अकरा वर्षं तो हेच करत होता. तेरा जंगलंही याच ढिगातून कडी नेत. समितीचा नियम असा, की ढिगावर जे सगळ्यात नवं असेल ते उचलायचं. बघायचं नाही, विचारायचं नाही. नवं आहे म्हणजे चांगलंच असणार.

यंदा केरोबाचे दात पडले. दोनच उरले. निरगाठ ओढवेना, म्हणून तो सुरगाठ मारू लागला. पण प्रामाणिक उंदीर हो! त्याने सालपटावर लिहून ढिगाशेजारी ठेवलं : ‘यंदापासून सुरगाठ आहे. ओली झाली की सुटते. पुलाला वापरू नये. निरगाठ हवी असल्यास सांगावे, दुसरे कुणीतरी शोधू.’

सालपट कुणी वाचलं? तुम्ही तरी वाचता का? गप्प बसा, मला माहीत आहे.

पूल तपासायचं काम बायजामावशीकडे होतं. ही कासवीण. तिला पुलाची गरजच नव्हती, ती पोहून जाई. पण एकेका बांबूवर उभी राही, पाणी ओतून बघे, पाठीवर दगड घेऊन बघे. तीन दिवस लागत. एकोणिसाव्या बांबूवर तिने पाणी ओतलं आणि कडं सुटलं. ती तशीच उलटी फिरली आणि बजाबाकडे गेली.

बजाबाचं म्हणणं पडलं, की त्याने स्वतः काठावर बसून बघितलंय, त्याच्या काठावर तर पूल व्यवस्थित आहे. शिवाय तेरा जंगलांना तारीख कळवून झालीय. मावशी हटेना, तेव्हा त्याने तिचं म्हणणं एका पानावर लिहिलं, वर ‘माहीत असलेले दोष’ असं ठळक लिहिलं आणि पान वडाच्या मागच्या बाजूला चिकटवलं. झालं समाधान.

आता पवळेचं ऐका. पवळा ही चितळीण. तिला पंधरा दिवसांचं पाडस होतं. अलीकडचं गवत संपलं होतं, पलीकडे भरपूर होतं. खायला नाही म्हणून तिचं दूध आटत चाललं होतं. तिने मावशीला विचारलं. मावशीने तिला दोन दिवस थांब म्हणून सांगितलं. तिने बजाबाला विचारलं. तो म्हणाला, खुशाल जा, पहिला मान तुझा. मान मिळतोय म्हटल्यावर कोण थांबतं?

ठरल्या तारखेला हत्तीने सोंडेने पुलावर पाणी शिंपडलं. शुभ म्हणून! तेरा जंगलांचे पाहुणे बघत होते. पवळा पुढे निघाली, पाडस मागे घाबरून काठावरच उभं राहिलं. ती पलीकडे पोचली, वळून त्याला हाक मारली, आणि मधोमध आलेल्या रानडुकरांसकट पूल सुटत गेला. डुकरं मगरी चुकवत कशीबशी पोहून निघाली. पूल वाहून गेला. आई पलीकडे, पंधरा दिवसांचं पोर अलीकडे, मध्ये मगरींची नदी.

पाडस ओरडत होतं. समितीची बैठक बसली.

बैठक दोन दिवस चालली. पहिला दिवस पुढच्या आवृत्तीचं नाव काय ठेवायचं यात गेला. दुसऱ्या दिवशी दोष कुणाचा ते ठरलं. केरोबाला बोलावलं. त्याला कुणी ओळखेना, तेरा जंगलांचे पूल त्याच्या कड्यांवर उभे होते तरी. बजाबाने विचारलं, असा विश्वासघात का केला?

केरोबा म्हणाला, “मी लिहून ठेवलं होतं. अकरा वर्षं नेलीत कडी, दादा. दात आहेत का, एवढं एकदा तरी विचारायचं.”

बैठकीने नोंद घेतली आणि जेवायला सुट्टी झाली.

मावशी मात्र उठून केरोबाबरोबर बाभळीखाली गेली. दोरीचं एक टोक त्याने उरलेल्या दोन दातांत धरलं, दुसरं तिने तोंडात. ओढून ओढून निरगाठी मारल्या. एक दात गेला. मग दोरीचं टोक घेऊन मावशी पोहत पलीकडे गेली. दोन दोऱ्या, चाळीस बांबू, एवढाच पूल. तिने पाणी ओतलं, दगड घेऊन ती दोनदा आलीगेली. मग पाडसाच्या पुढे पुढे चालली. पवळेने त्याला चाटलं तेव्हा मावशी पाण्यात उतरून निघूनही गेली होती. मला विचाराल तर त्या जंगलात शहाणी तेवढी एकच.

दुसऱ्या दिवशी वडावर पाटी लागली : ‘बारावी आवृत्ती, सुधारणा पहिली. संकल्पना व नेतृत्व : बजाबा. साहाय्य : इतर.’ खाली लहान अक्षरात होतं, की या सुधारणेत एकही दोष न आढळल्याने तपासनिसाचं पद रद्द करण्यात येत आहे. आणि तेरा जंगलांतून केरोबाकडे निरोप आले : निरगाठीची कडी हवीत, लवकर पाठवा.

तात्पर्य : पूल कधीही तपासू नये. तपासला की दोष निघतो आणि तारीख चुकते. न तपासता खुला केला तर फार तर पडतो, आणि पडलेल्या पुलाची सुधारणा काढून तिच्यावर आपलं नाव घालता येतं. राहिला केरोबा. त्याचा अजून एक दात शिल्लक आहे, तोवर काळजी नसावी.