पाच किलोमीटर आणि दोन स्वेटर

धावायचं वैजनाथरावांच्या मनातही नव्हतं. झालं असं, की ऑफिसातला नवा क्लार्क गोकुळ जानेवारीतल्या पाच किलोमीटरच्या दौडीचे फॉर्म वाटत फिरत होता, आणि वैजनाथरावांच्या टेबलापाशी तो थांबलाच नाही. सरळ पुढच्या टेबलाकडे गेला. एवढंच. वैजनाथरावांनी त्याला हाक मारून परत बोलावलं, फॉर्म मागून घेतला आणि भरून टाकला. (वय अठ्ठेचाळीस, हे खरं लिहिलं. ‘पूर्वानुभव’ या रकान्यात मात्र त्यांनी ‘मध्यम’ असं लिहिलं.)

जेवताना त्यांनी ही बातमी घरात सांगितली. वासंतीबाईंनी भाकरी वाढता वाढता विचारलं, की कोणाच्या मागं धावायचं आहे. कोणाच्याच नाही, नुसतंच, असं कळल्यावर त्यांनी हातातली भाकरी पुन्हा टोपलीत ठेवली. त्यांचा विरोध धावण्याला नव्हता, थंडीला होता. बुलढाणा डोंगरावर बसलेलं. जानेवारीत सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं. त्यातून वैजनाथराव म्हणजे फ्रीज उघडला तरी शिंकणारा माणूस. शेवटी तह झाला. धावा, पण मी घालीन ते घालून.

त्यांनी घातलं ते असं : बनियन, त्यावर थर्मल, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, त्यावर बाह्यांचा स्वेटर, मफलर, माकडटोपी, हाफ पँटीवर दोन फुल पँटी आणि छातीशी ओव्याची पुरचुंडी. या पोशाखात वैजनाथरावांचे हात खाली येत नव्हते. पहिल्या दिवशी ते फाटकापर्यंत धावले. समोरच्या बाईंनी, गावाला निघाले का, म्हणून विचारलं. हो म्हणणं त्यांना सोपं वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्यांना तोड सापडली. धाड रोडला गावाबाहेर एक तळं आहे. तिथपर्यंत सगळा संसार अंगावर घेऊन चालत जायचं, काठावर तो उतरवून नीट घडी घालून ठेवायचा आणि बनियन, हाफ पँट आणि बूट एवढ्यावर पुढं धावायचं. चष्म्यावर वाफ धरायची म्हणून तोही घडीवर ठेवायचा. येताना पुन्हा सगळं चढवायचं आणि घामाघूम होऊन घरी यायचं. वासंतीबाई समाधानी होत्या. ऊब आहे, म्हणायच्या.

आठव्या दिवशी वैजनाथरावांना पाय हलके वाटले. नेहमीच्या बाभळीला वळसा न घालता ते पुढं थेट पुलापर्यंत गेले. परत यायला बराच उशीर झाला, आणि पाहतात तर तळ्याकाठी पंधरा-वीस माणसं. चष्मा नसल्यानं त्यांना ती एकमेकांत मिसळलेली दिसत होती. ते मागं जाऊन उभे राहिले आणि काय झालं म्हणून विचारलं.

वामनराव नावाचे एक रिटायर्ड गृहस्थ रोज तिकडं फिरायला येत. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की माणूस बुडाला. काठावर कपडे सापडले, चष्मा सापडला, खिशात मोबाईल होता. तो वाजला तेव्हा त्यांनीच उचलला. घरच्या बाई निघाल्या आहेत.

वैजनाथरावांना फार वाईट वाटलं. कपडे कसे होते, म्हणून त्यांनी विचारलं.

“एकावर एक, घडी घालून,” वामनराव म्हणाले.

“म्हणजे माणूस शिस्तीचा असंल.”

“हाव. बूट तेवढे नाही दिसून राह्यले.”

वैजनाथरावांनी यावर विचार केला. “घालूनच गेला असंल,” ते म्हणाले. “थंडी किती हाय.”

वामनरावांना हे पटलं.

तेवढ्यात एका शाळेतले पीटीचे नागसेन सर पुढं झाले. त्यांनी शर्ट, पँट आणि घड्याळ काढून सगळं वैजनाथरावांच्या हातात दिलं आणि त्या बर्फासारख्या पाण्यात सूर मारला. एकदा वर आले, मान हलवली, पुन्हा गेले. कपडे छातीशी धरून वैजनाथराव कुडकुडत उभे होते.

मग स्कूटी आली. वासंतीबाई गर्दीतून वाट काढत त्या ढिगापाशी गेल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी मफलर उचलला, तोंडाशी धरला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “सकाळी मीच बांधला होता.”

आवाज ऐकला आणि वैजनाथरावांच्या हातातून नागसेन सरांचे कपडे गळून पडले. ते पुढं आले.

“वासंती, मी इकडं हाय.”

वासंतीबाईंनी वर पाहिलं. बुटांपासून सुरुवात केली. उघड्या पिंढऱ्या, हाफ पँट, बनियन असं करत त्या चेहऱ्यापर्यंत पोचल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पदरानं ते पुसून त्या म्हणाल्या, “स्वेटर काऊन काढलं?”

वीस माणसांसमोर त्यांनी वैजनाथरावांना एकेक वस्तू चढवली. थर्मल, स्वेटर, सगळं क्रमानं, पुरचुंडीसुद्धा. सगळे इतके तल्लीन होऊन बघत होते, की नागसेन सरांना वर बोलवायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. त्यांनी तिसरा सूर मारला.

वर आल्यावर बाह्यांचा स्वेटर त्यांना मिळाला. पुढं चार दिवस वासंतीबाईंनी त्यांच्या घरी काढाही पोचवला.

वैजनाथरावांशी त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी चहा ठेवता ठेवता एवढंच म्हणाल्या, “रस्त्यानं मी अकरा नवस बोलले. कोणत्या देवाले काय, तेही आता ध्यानात नाही.” वैजनाथरावांनी दौड सोडून देतो म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, सोडू नका, एवढं झाल्यावर आता धावाच, पण बनियनवर काय घालायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्यांना मिळालेला हा पहिला अधिकार होता. त्यांनी बिनबाह्यांचा स्वेटर निवडला.

दौडीच्या दिवशी ते खरंच धावले. पहिल्या किलोमीटरला गोकुळ पुढं निघून गेला, दुसऱ्याला शाळेच्या मुली, तिसऱ्याला सत्तरीचे एक आजोबा. चौथ्या किलोमीटरला मागं कोणीच उरलं नाही. होती फक्त अ‍ॅम्ब्युलन्स, ती शेवटच्या माणसामागून सावकाश येत होती. ड्रायव्हरनं काच खाली करून आपुलकीनं विचारलं, “बसता का साहेब? मीबी तिकडंच जाऊन राह्यलो.”

वैजनाथरावांचा स्वाभिमान दुखावला. त्यांनी पक्का नकार द्यायचं ठरवलं. पण शब्द फुटायला श्वास लागतो. तो गोळा करेपर्यंत ड्रायव्हरनं थोडी वाट पाहिली, मग काच वर केली, आणि अ‍ॅम्ब्युलन्सही त्यांच्या पुढं निघून गेली.