भोयर सरांची सुईमाशी

आमचे शेजारी भोयर सर मोहाच्या हंगामात रोज सकाळी जंगल झाडायला जातात. हो, झाडायलाच! खांद्यावर खराटा आणि गळ्यात भिंग. स्वतःच्या अंगणात मात्र घोटाभर पाचोळा. मी एकदा म्हटलं, "सर, आधी घरचं तं झाडा!"

"घरच्याले कोण आग लावून राह्यलं?" सर म्हणाले.

या सगळ्याच्या मागे एक माशी आहे. सर पोंभुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर एका मोहाच्या झाडाखाली त्यांना ती दिसली. अंगावर चांदीसारखी लव, पोट मागे निमुळतं होत होत थेट सुईसारखं टोकदार. चावत नाही, घाणीवर बसत नाही. सरांनी तिचं नाव ठेवलं सुईमाशी. फोटो पाहून कीटकांच्या एका जाणकाराने कळवलं, की हा प्रकार जंगलातच राहतो आणि फार क्वचित सापडतो. पण खात्रीसाठी आणखी एक बघायला हवी. झालं! तेव्हापासून सर दुसऱ्या माशीसाठी देव पाण्यात घालून बसलेत.

अडचण मोहफुलांची होती. वेचायला सोपं जावं म्हणून आमच्याकडे फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. आणि सुईमाशीच्या अळ्या नेमक्या त्याच मातीत! ते झाड सगनाबाईचं, म्हणजे तिच्या घरचे पिढ्यानपिढ्या तिथेच वेचणारे. सरांनी तिला तासभर अळीचं जीवनचक्र समजावलं. बाईने शांतपणे ऐकून घेतलं.

"समजलं, भाऊ. जाळत नाई मी. पण मंग झाडून कोण देईल?"

सरांनी खराटा उचलला तो उचललाच.

सरांचं पालुपद एकच: "आधी पाहा, मंग बोला." एकदा माझ्या बायकोने चपलेने काहीतरी मारलं. आवाज ऐकून सर अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आले. भिंग लावून मयताची तपासणी झाली. आम्ही दोघं गुन्हेगारासारखे उभे.

"नाई. ही तं मातीचं घर बांधणारी कुंभारीण माशी हाये," सरांनी निकाल दिला. "पण हिलेही काऊन मारायचं?" मग जिवात जीव आल्यावर त्यांनी चहा मागितला, साखर जास्त.

असे चार हंगाम गेले. दुसरी सुईमाशी काही दिसली नाही. यंदा मोह सरत आला तेव्हा मी मुद्दाम सरांसोबत गेलो. झाडाखालची जमीन आरशासारखी स्वच्छ, माशीचा पत्ता नाही. सर घामाने निथळत होते. मला वाईट वाटलं.

"सर, ती नसंल आता इथी. कायले जीव काढून राह्यले?"

आता पालुपद ऐकावं लागणार म्हणून मी तयारीत होतो. पण सरांनी खराटा झाडाला टेकवून नुसता घाम पुसला. तेवढ्यात सगनाबाई टोपली घेऊन आली आणि दुरूनच ओरडली, "भाऊ, काल जेवले होते का? का पुन्हा चहावरच निजले?"

"जेवलो, बाई! वरण-भात केला होता!" सर शाळकरी पोरासारखे ओरडले. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "माशी येईल तेव्हा येईल. तुझी काकू गेल्यापासून हे विचारणारं मले दुसरं कोणी नाई रे."

आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. मला फार लाज वाटली.