रीस्टार्ट न मागणारे बबनतात्या

बबनतात्यांच्या हातात लग्नपत्रिका द्या, औषधाची गोळी द्या, नाहीतर शेजाऱ्याचं तान्हं पोर द्या. त्यांचे प्रश्न दोनच. "वजन किती?" आणि "रीस्टार्ट मागतं का?"

पहिल्या प्रश्नाचा उलगडा सोपा आहे. तळेगावच्या एका कंपनीच्या वजनकाट्यावर तात्यांनी एकतीस वर्षं काढली. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, मग रिकामा घ्यायचा, वजाबाकी करायची आणि पावती फाडायची. ट्रक फाट्यावर वळला की तात्या परंदवडीत घरी जेवता जेवता नुसत्या आवाजावरून वजन सांगायचे. चूक झालीच तर ड्रायव्हरने मधे पान थुंकलेलं असायचं, तेवढीच. हे मी लोकांना सांगतो आणि लोक मानतात, कारण तात्यांकडे बघून ते खरं वाटतं.

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि काट्यावरचा जुना दहा इंची लॅपटॉप दिला. एवढासा, की पोळपाटाखाली गेला तर दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटतानाच सापडावा. त्याच्या पोटात जागा नाही आणि डोक्याला दम नाही. नवा कुठलाही प्रोग्रॅम टाकला की कार्ल्याचा डोंगर चढल्यासारखा धापा टाकतो.

सोमाटणे फाट्यावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, पिठाच्या गिरणीला लागून. आठवड्यातून दोनदा तात्या सायकलवरून यायचे. गळ्यात नाडीने बांधलेला पेनड्राइव्ह.

"जय भीम भाऊ. आज काय हलकं घावलं का?"

हलकं म्हणजे बारके प्रोग्रॅम. गाणी वाजवणारा, फाइली उघडणारा, फोटो छोटे करणारा. एक एमबीच्या वर गेला की तात्या तोंड फिरवायचे, शंभर एमबी ऐकलं की बाहेर जाऊन उभे राहायचे. मी एकदा मोठ्या कौतुकाने माझ्या लॅपटॉपवरचा हिशेबाचा प्रोग्रॅम दाखवला.

"वजन?"

"आठशे एमबी, तात्या."

"ओव्हरलोड हाय हे. टोलावर धरत्याल तुमाला."

आणि प्रोग्रॅम हलका निघाला, तरी दुसरा प्रश्न उरायचाच. टाकल्यावर मशीन बंद करून चालू करावं लागतं का? लागत असलं, तर तो प्रोग्रॅम सोन्याचा का असेना. "न्हाई जमायचं," म्हणून तात्या पेनड्राइव्ह सदऱ्यात घालायचे. अपडेटवाला येईल म्हणून त्या लॅपटॉपला त्यांनी इंटरनेटचं वारंही लागू दिलं नाही. गावात लाईट गेली की घरातला पंखा, दिवा सगळं बंद आणि इन्व्हर्टर फक्त लॅपटॉपला. झाकण मिटलं की मशीन झोपतं, म्हणून तो उघडाच. तात्यांना तो कुठे न्यायचाच झाला, तर दोन्ही हातांवर उघडा धरून, दुधाचं भरलेलं पातेलं न्यावं तसे चालायचे. एका शेळीने वाट अडवली तर तिला त्यांनी "बाई, जरा सरका" म्हटलेलं मी ऐकलंय. शेळी सरकली.

त्या एवढ्याशा पडद्याची आणखी एक गंमत होती. कुठलीही खिडकी उघडली की तिचा खालचा भाग पडद्याच्या बाहेर जायचा आणि दाबायची बटणं नेमकी तिथेच असायची. मी त्यांना खिडकी वर ओढून घ्यायचा एक प्रोग्रॅम शोधून दिला होता. वजन पन्नास केबी. तात्यांनी त्या दिवशी मला भजी खायला घातली. त्यानंतर ते प्रत्येक खिडकी वर ओढून बघायचे. फक्त उजव्या कोपऱ्यात एक घड्याळासारखं काहीतरी अर्धं बुडून पडलेलं असायचं, त्याला हात लावायचे नाहीत.

"ते काय आहे, तात्या?"

"ऱ्हाऊ द्या. लय हलकं हाय ते."

गेल्या माघात तात्यांच्या भाचीचं लग्न निघालं, तिकोणा पेठेला. दोन दिवस जायचं होतं आणि घरी दुसरं कुणी नव्हतं. काकू जाऊन तीन वर्षं होऊन गेलेली, मूलबाळ नाही. तात्या पातेलं सांभाळत माझ्या दुकानात आले.

"लाईट गेली तर बॅटरी दोन तास चालंल. झाकान लावायचं न्हाई. बाकी काय करायचं न्हाई."

आता मी कसा माणूस आहे ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल. काही करू नका म्हटलं की माझ्या हाताला खाज सुटते. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. मी लॅपटॉप जवळ ओढला. माऊस रांगत होता. कोपऱ्यातल्या त्या घड्याळाकडे नीट बघितलं तर ते स्टॉपवॉच निघालं आणि त्यावर आकडा होता अठ्ठावीस हजार चारशे बारा तास. वर मिनिटं, सेकंद, तेही पळतायत. मला हसू आलं. म्हटलं, बिघडलंय बिचारं. म्हाताऱ्याला रीस्टार्टची भीती, म्हणून सगळं मशीन तुंबलंय. आपण उपकार करावा. आल्यावर बघेल तर घोडा पळतोय.

मी रीस्टार्ट केला. घोडा खरंच पळायला लागला.

संध्याकाळी तात्या आले, नव्या टोपीत, हातात बुंदीची पिशवी. मला पिशवी देता देता त्यांची नजर कोपऱ्यात गेली. कोपरा रिकामा होता.

"लाईट गेली होती, तात्या," मी म्हणालो. जिभेला सवय आहे. "चांगली तीन तास."

शेजारी गिरणी धडधडत होती. तात्यांनी तिकडे कान दिला, मग माझ्याकडे बघितलं.

"मशीन कितीला बंद पडलं?"

इथे मला कुठलीही वेळ ठोकून देता आली असती. त्यांच्या तोंडाकडे बघून दिली नाही. "सव्वाअकरा," मी म्हणालो. खरी वेळ.

तात्यांनी खिशातून काट्याच्या जुन्या पावत्यांचं पुडकं काढलं, भिंतीकडे बघून मनातल्या मनात आकडेमोड केली आणि 'निव्वळ वजन' लिहिलेलं असतं त्या रकान्यात तासांचा आकडा घातला. पावती फाडून खिशात ठेवली. लॅपटॉपचं झाकण मिटलं, काखेत मारला आणि गेले. काखेत मारलेला मी तो पहिल्यांदाच बघितला.

रात्रभर मला बुंदी गोड लागली नाही. सकाळी उठून परंदवडीला गेलो. तात्या स्वयंपाकघरात होते. गॅसवर पातेलं, ओट्याच्या कडेला लॅपटॉप. कोपऱ्यात स्टॉपवॉच पुन्हा पळत होतं, बावीस मिनिटांवर.

"बसा भाऊ. हुलगं टाकल्यात."

मी बसलो.

"तुमच्या काकूचा कुकरवर इस्वास न्हवता," तात्या म्हणाले. "शिट्टी लबाड असती म्हनायची. मंग मी तिला ह्ये घड्याळ टाकून दिलं. सगळ्या मशीनमदी तिला एवडंच येत हुतं. त्या दिवशी हुलगं टाकलं, बटन दाबलं. म्हनली, तास झाला की हाक मारा, जरा पडते. छातीत कसंतरी व्हतंय."

हुलगे रटरटत होते.

"तास कुटला व्हतोय. दवाखान्यात न्हेली. गॅस शेजारनीनं बंद केला. ह्याच्याकडं कुनाचं ध्यान न्हवतं. चौथ्या दिवशी बघतोय तर चालूच. म्हनलं, ऱ्हाऊ दे. आपली हाक मारायची ऱ्हायलीया अजून."

पुढची अडतीस मिनिटं आम्ही दोघं त्या आकड्यांकडे बघत बसलो. माझ्या उभ्या आयुष्यातली ही सगळ्यात लांब मिनिटं, आणि यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

तास भरला. तात्या उठले, आतल्या खोलीच्या दाराशी गेले. चौकटीला हात टेकून, रोजच्या आवाजात, माणूस आत पडलेलं असावं तसं म्हणाले, "सुलू, तास झाला गं."

थोडा वेळ उभे राहिले. मग परत आले, गॅस बंद केला आणि ती कोपऱ्यातली खिडकी वर ओढली. तिचं बंद करायचं बटण मला पहिल्यांदाच दिसलं. तात्यांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

"दाबा भाऊ. तुमाला येतं ते."

आवाजात राग नव्हता. मी दाबलं. तोवर तात्यांनी दोन ताटल्या काढल्या होत्या.