आत्याचा फोन आणि डाळिंबाची साल

तुर्कस्तानातल्या इस्पार्टाच्या विद्यापीठात डॉक्टर तुंजायइतकं सुपीक डोकं दुसऱ्या कुणाचं नव्हतं, असं निदान डॉक्टर तुंजायचं तरी ठाम मत होतं! मोबाइलच्या लहरींनी उंदरांच्या मेंदूचं नुकसान होतं का, आणि डाळिंबाच्या सालीतली अँटिऑक्सिडंट्स ते थोपवतात का, हा त्याचा प्रयोग. एका पिंजऱ्यातल्या उंदरांना सालीचा अर्क, दुसऱ्यातल्यांना साधं पाणी, आणि मधोमध रोज तासभर चालू फोन! लहरी सोडणारं यंत्र बिघडून पडलेलं. पण फोनवर रोज तासभर न थांबता बोलणार कोण?

"मुझय्येन आत्या!" तुंजायनं टाळीच वाजवली.

शेजारच्या बुर्दुर गावची ही आत्या रोज दुपारी फोन करायची आणि एकदा सुरू झाली की श्वास घ्यायलाही थांबायची नाही. "बोल आत्या," एवढं म्हणून तुंजाय फोन पिंजऱ्यांमधे ठेवायचा आणि शेजारच्या खोलीत पेरीहानबरोबर चहा प्यायला सटकायचा. पेरीहान त्याची सहकारी. तिला लग्नाचं विचारावं म्हणून दोन वर्षं तो एक वाक्य घोळवत होता. ते दर वेळी घशातच अडकायचं.

तासाभरानं फोन उचलला की पलीकडे आत्या गहिवरलेली. "तुझ्यासारखं मन लावून ऐकणारं कुणी नाही रे!"

"अगं, त्यात काय!" तुंजाय विनयानं म्हणायचा.

आणि एक दिवस आत्या थेट प्रयोगशाळेतच हजर! मागे चॉकलेटचा डबा आणि फुलं सांभाळत तिचा मुलगा, दंतवैद्य रिफ्की.

"अजून कोट नाही चढवलास? चल, तुझ्यासाठी मुलगी मागायला जायचंय!"

"कुणाची मुलगी?"

"मेल्या, महिनाभर कानीकपाळी ओरडतेय! बेकरीवाल्यांची धाकटी! एकदा तरी नाही म्हणालास?"

तुंजायच्या पायांखालची जमीन सरकली. त्यात पेरीहान दारातच उभी! ती हळूच म्हणाली, "डॉक्टर, खरं काय ते सांगून टाका."

"आत्या... फोन उंदरांजवळ असायचा गं."

आत्या वाकून पिंजऱ्यांत बघत राहिली. "म्हणजे माझे गुडघे, ह्यांचं आजारपण, ते गेल्यावर घर कसं खायला उठतं ते... सगळं ह्या उंदरांनी ऐकलं?"

"निम्म्यांनी डाळिंबाचा अर्क पिऊन ऐकलं," तुंजाय घाईघाईनं म्हणाला. "त्यांना त्रास जरा कमी झाला असावा."

आत्याचे डोळे भरून आले. आई गेल्यावर हिनंच आपल्याला घास भरवले, हे आठवून तुंजायला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेरीहाननं आत्याला खुर्चीत बसवलं. रिफ्कीनं चहा आणला. मग पेरीहाननं तासभर आत्याचं सगळं ऐकून घेतलं, अगदी गुडघ्यांसकट.

"ह्याला म्हणतात ऐकणं!" निघताना आत्या म्हणाली. बेकरीवाल्यांना तिनं काहीतरी सांगून वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवसापासून आत्याचा फोन पेरीहानला जाऊ लागला. प्रयोगाचे बारा वाजले, पण तुंजायला आनंदाचं भरतं आलं. आपलं अडकलेलं वाक्य आता आत्याच म्हणणार! मग एके दिवशी पेरीहान लाजत म्हणाली, "रविवारी आत्या आमच्या घरी येताहेत. कशासाठी ते तुम्हाला सांगितलंच असेल त्यांनी..."

"हो हो, सगळं माहीत आहे!" म्हणत तो शीळ घालत निघाला. पुढचं ऐकायला वेळ कुणाला होता?

रविवारी रिफ्की गाडी चालवत होता. शेजारी आत्या वाटभर बोलत होती. मागे तुंजाय, गळ्याशी टाय आवळून, आरशात हसण्याचा सराव करत बसला होता. कारण तिथली रीतच अशी, की मुलगी मागायला गेलं की ती सगळ्यांना कॉफी देते, पण नवऱ्या मुलाच्या कॉफीत मूठभर मीठ घालते. त्यानं ती हूं की चूं न करता संपवायची, तर तो खरा! आत्या काय सांगतेय याकडे त्याचं जराही लक्ष नव्हतं.

घरी पोचल्यावर पेरीहान कॉफीचं तबक घेऊन आली. तुंजायनं श्वास रोखला, चेहरा हसरा केला आणि मोठ्ठा घोट घेतला.

कॉफी फक्कड झाली होती. साखरही अगदी बेताची!

समोर रिफ्कीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.