उपाशी बगळ्याला लिहिलेला माफीनामा

मंडळी, प्रामाणिकपणा या विषयावर मला चार गोष्टी शिकवील असा माणूस अजून जन्माला यायचाय! निदान गेल्या वर्षापर्यंत माझं असंच ठाम मत होतं. रस्त्यात सापडलेली छत्री घेऊन मी दारोदार फिरलोय आणि तिचा मालक शोधून ती त्याच्या हातात ठेवलीय. (त्याने ती मुद्दाम टाकून दिली होती, हा भाग वेगळा.)

आमचं ऑफिस म्हणजे एका लॉन्ड्रीच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. खालून इस्त्रीची वाफ वर येते, त्यामुळे बाराही महिने आम्ही थोडेसे उकडलेले असतो. तिथे आम्ही व्हिडिओ गेम बनवतो. आम्ही म्हणजे कोण? तर मालक, जो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा. मग एक प्रोग्रामर, जो दिवसात चार शब्द बोलतो आणि त्यातले तीन ‘नाही’ असतात. एक चित्रकार, जी वयाने सगळ्यांत लहान असूनही सगळे तिला ‘ताई’ म्हणतात, कारण ती सगळ्यांना रागावते. आणि मी. मला गेम बनवता येत नाही, चित्र तर माझ्या हातून लिंबाचंसुद्धा येत नाही. मी व्यवस्था बघतो. मेहुणा ‘भावजी’ म्हणतो, म्हणून सगळेच भावजी म्हणतात. खालचा इस्त्रीवालासुद्धा.

शिवाय दर सोमवारी मीटिंगमध्ये मी चार शब्द बोलतो. लहानपणापासून कीर्तनं ऐकत आलोय हो, सवय लागलीय! आधी पूर्वरंग, मग आख्यान, मग तात्पर्य, एवढं झाल्याशिवाय मला खाली बसताच येत नाही. तोपर्यंत चहा गार होतो.

आमचा गेम होता एका पोस्टमनचा. त्या गावात घरांचे नंबर रोज बदलतात, तेव्हा नुसत्या दारावरून घर ओळखायचं आणि टपाल टाकायचं. म्हणजे सगळी मदार दारांवर! आणि दारं ताईची. काय दारं काढली होती पोरीने! एका दाराचा खालचा कोपरा कुत्र्याने ओरबाडलेला. एकाच्या कुलपाभोवतीचा रंग खरवडलेला, म्हणजे घरधन्याला किल्लीचं भोक पटकन सापडत नसणार. आणि एक निळं दार, त्याला दोन कड्या. एक वर, मोठ्यांच्या हाताला येईल अशी, आणि एक अगदी खाली, कुणातरी चिमुरड्यासाठी मुद्दाम बसवलेली. ते दार बघितलं की मला उगीचच गहिवरून यायचं.

आमचा गेम विकणारी प्रकाशक कंपनी होती. दुसऱ्या कुणाच्या तरी गेममध्ये उचललेली चित्रं सापडली म्हणून ती घाबरली आणि तिने आमच्याकडून लेखी मागितलं, की सगळी चित्रं तुमचीच आहेत ना?

“भावजी, सही करून पाठवून द्या,” मेहुणा म्हणाला.

“नुसती सही?” मी छाती पुढे काढली. “मी तपासणार, मगच सही करणार!”

प्रोग्रामरने मला एक तपासनीस प्रोग्राम लावून दिला. आमचं एकेक चित्र जगभरातल्या चित्रांशी ताडून बघायचं त्याचं काम. जाता जाता तो म्हणाला, “भावजी, दोन चित्रं सारखी आहेत का एवढंच हे सांगतं. कुणाचं चित्र कुणी घेतलं, ते नाही सांगत.” त्याच्या आयुष्यातलं ते सर्वांत लांब वाक्य असावं. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शनिवार होता. भिंती पास, दगड पास, पोस्टमनची टोपी पास. परीक्षेत पोरगं पहिलं यावं तसा माझा चेहरा फुलत चाललेला. आणि निळ्या दारावर पडदा लालभडक झाला! हुबेहूब तेच दार, त्याच दोन कड्या, इंटरनेटवरच्या एका परक्या पानावर! पान कुणाचं, तर ‘उपाशी बगळा’ अशा नावाच्या कुणा अनोळखी चित्रकाराचं. आणि ते दार तिथे आमचा गेम सुरू होण्याच्या कितीतरी आधी लावलेलं!

माझ्या पायाखालची जमीन सरकली. खालची लॉन्ड्रीसुद्धा सरकली असेल!

त्या बगळ्याचं सगळं पान मी पालथं घातलं. माणूस मोठा गुणी! एक अलीकडचं चित्र बघून तर मी इतका हसलो की ठसका लागला. एक जाडा गृहस्थ खुर्चीवर उभा राहून हात हलवून बोलतोय, समोरची सगळी माणसं झोपलीयत, आणि खुर्चीनेही डोळे मिटलेत! असा नमुना प्रत्येक ऑफिसात असतोच, मनात म्हटलं.

ताई त्या दिवशी रजेवर होती, दाढ काढायला गेली होती. मी फोन लावला.

“ताई, देवाला स्मरून सांग. ते निळं दार तू काढलंस?”

“आं!”

“की दुसऱ्या कुणाचं आहे?”

“आंऽऽ आं आं! ऊं आंऽऽ!”

माझा जीव गलबलला. पोरगी रडत होती! “रडू नकोस बाळ,” मी म्हणालो, “देव क्षमा करणारा आहे. मी सगळं निस्तरतो.”

“ऊंऽऽऽ!!” पलीकडून असा काही आर्त स्वर आला की मला ऐकवेना. मी फोन ठेवला. भुलीच्या इंजेक्शनाने तिचं अर्धं तोंड झोपलं असणार, हे मला माहीत होतं. फक्त ते लक्षात सोमवारी आलं.

मग मेहुण्याला फोन केला. तो कुठल्याशा दुकानात पडद्याचं कापड निवडत होता. “भावजी, काय ते करा, पण आत्ता काही करू नका!” असं ओरडून त्याने फोन बंद केला. यातला पहिला अर्धा भाग मी आज्ञा म्हणून शिरोधार्य मानला.

आणि बसलो लिहायला. ‘श्री. उपाशी बगळा यांस, सादर नमस्कार. हे लिहिताना हात थरथरतो आहे...’ काय उतरलं होतं म्हणून सांगू! चोरी, पश्चात्ताप, क्षमा, सगळं आख्यान त्यात आलं. सत्यात आडपडदा नको म्हणून ताईचं पूर्ण नाव आडनावासकट घातलं. शेवटी चार शब्द कौतुकाचे: ‘आपले ते जाड्या गृहस्थाचे चित्र फारच आवडले. असे एक पात्र आमच्या ऑफिसातही आहे, आमचे मेहुणे.’ हे बगळ्याला पाठवलं आणि मेहुण्याचं वाक्य तेवढं गाळून तेच आमच्या गेमच्या पानावर जगजाहीर लावून टाकलं. घरी येऊन बायकोला म्हटलं, “आज एक पुण्याचं काम केलं.”

“कुणाची छत्री?” तिने विचारलं.

सोमवारी ताई आली. एक गाल बटाट्याएवढा. पिशवी ठेवली, कॉम्प्युटर उघडला. मग म्हणाली, “भावजी, तुमचं पत्र मिळालं मला.”

“कुठलं?”

“श्री. उपाशी बगळा यांस.”

“अगं, ते तुला कसं मिळालं? त्याने तुझ्याकडे धाडलं?”

प्रोग्रामरने कानांवरचे हेडफोन काढले. “भावजी,” तो म्हणाला, “बगळा तिथे बसलाय.”

मंडळी, मी खरंच खिडकीकडे बघितलं!

“ते पान माझं आहे,” ताई म्हणाली. “आधीची नोकरी गेली तेव्हा दिवसभर खिडकीत एका पायावर उभी असायचे, म्हणून बगळा. उपाशी का, ते विचारू नका. निळं दार तेव्हाचंच. इथे ते शोभलं, म्हणून मी माझंच दार माझ्याच हाताने आणून लावलं.”

“पण मग हे पान तुझं आहे, एवढं सांगायचंस तरी!”

ती घुटमळली. एवढ्यात मेहुणा आत आला, तिच्या पडद्यावर उघडलेल्या बगळ्याच्या पानात डोकावला आणि ओरडला, “अरे! हे तर भावजी! आणि ही खुर्चीसुद्धा आपलीच!”

“म्हणून नाही सांगितलं,” ताई म्हणाली.

तिथेच पायावर डोकं ठेवून गप्प बसलो असतो, तर निभावलं असतं. पण मी निस्तरायला गेलो ना! लगेच खुलासा लावला: चोरी झालेली नाही, बगळा म्हणजेच आमची ताई, चूक सर्वस्वी माझी. लोकांनी काय म्हणावं? ‘बघा, बिचाऱ्या बगळ्याचं तोंड दाबलं!’ मी दुसरा खुलासा लावला. ‘आता बगळा गायब केला!’ ताईने बगळ्याच्या पानावर स्वतः लिहिलं, की मीच ती. ‘अरे देवा, आता त्याचं पानही बळकावलं!’ शेवटी तिने कॅमेऱ्यासमोर बसून ते निळं दार पुन्हा काढून दाखवलं, पहिल्या रेघेपासून खालच्या कडीपर्यंत. सुजलेला गाल एका हाताने धरून! त्यावर लोक म्हणाले, ‘बघितलंत? किती सराईतपणे नक्कल करते!’

दोन दिवसांत प्रकाशकाचा फोन. मेहुण्याने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

“दार तिचंच आहे, हे आम्हाला पटतंय,” पलीकडच्या बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या. “पण लोकांना पटत नाहीये ना! तिची दारं गेममधून काढा, बनवणाऱ्यांच्या यादीतलं तिचं नाव काढा, मग गेम विकू. नाहीतर राहू दे.”

“अहो, पटतंय ना तुम्हाला? मग?” मी मध्ये तोंड घातलं.

“तुम्ही कोण बोलताय?”

“मी... तो माफीनामा लिहिणारा.”

“अरे वा! फार सुरेख लिहिलाय हो,” त्या म्हणाल्या.

मेहुण्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं. सगळ्यांच्या चुली त्या गेमवर होत्या. तो काही बोलण्याआधी ताईच म्हणाली, “मीच काढते. दुसऱ्या कुणी काढली तर भिंती फाटतील.”

आणि दिवसभर बसून तिने एकेक दार उतरवलं. कुत्र्याने ओरबाडलेलं गेलं, कुलूप खरवडलेलं गेलं. दार गेलं की तिथे एक करडी पाटी उरायची. निळं दार तिने शेवटी ठेवलं होतं. ते उतरवताना मला बघवेना, म्हणून मी खाली लॉन्ड्रीत जाऊन उभा राहिलो. डोळे पुसले तर इस्त्रीवाला म्हणाला, “वाफ फार आहे नाही, भावजी?”

संध्याकाळी कायमची जाताना तिने पिशवी उचलली. मी म्हटलं, “ताई, मला शिव्या दे. रागाव! एवढं सगळ्यांना रागावतेस!”

“काय रागावू?” ती म्हणाली. “वाईट माणूस असता तर भांडले असते. तुम्ही चांगले आहात, भावजी. तोच तर त्रास आहे.”

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने पोळपाटावरून मान वर न करता एकच विचारलं, “सोमवारपर्यंत थांबला असता तर तुमचा प्रामाणिकपणा शिळा झाला असता का?” 

आमचा गेम आला. त्यात पोस्टमन करड्या दारांसमोर गोंधळून उभा राहतो. खेळणारेही राहतात, आणि मग गेम बंद करून जेवायला जातात.

ताई हल्ली साबणाच्या वेष्टनांवर फुलं काढते. दुसऱ्या गेमवाल्यांकडे तिने अर्ज केले. पण कुणीही तिचं नाव इंटरनेटवर टाकून बघितलं की सगळ्यांत वर येतो तो माझा माफीनामा. मी आमच्या पानावरून तो कधीच काढून टाकला, पण तोवर लोकांनी तो जागोजागी चिकटवला होता. फार हृदयस्पर्शी आहे म्हणे!

परवा तिचाच निरोप आला: “भावजी, तुमच्याकडे चोरी झाली! खालचं वाचा.” एक बडी कंपनी खरोखरच कुणाची तरी चित्रं उचलताना पकडली गेली होती, आणि तिने जाहीर माफी मागितली होती. ‘हे लिहिताना हात थरथरतो आहे...’ शब्दन् शब्द माझे! खाली लोकांनी वाहवा केलेली. मी शोधायला बसलो, तर आणखीही कितीतरी जणांनी तो असाच उचललेला! कुणी बेकरीवाल्याने, कुणी शाळेने, एका दातांच्या डॉक्टरनेसुद्धा!

मी ताईला फोन केला. ती हसत होती. बऱ्याच दिवसांनी तिचं हसणं ऐकलं, आणि मला आणखीच अपराध्यासारखं वाटलं. “तक्रार करणार का?” तिने विचारलं. मी कुठल्या तोंडाने करणार?

माझं म्हणणं वेगळंच आहे. त्या माफीनाम्यानंतर मी खुलासा लिहिला होता ना, दार ताईचंच आहे म्हणून? तो मी अजूनही लिहितो. दर महिन्याला नवा, आधीपेक्षा सोपा, आधीपेक्षा छोटा. पूर्वरंग तर मी पार काढूनच टाकलाय. त्याला वाचणारे दोन, एक मी आणि एक बायको, तीही शुद्धलेखन बघायला. तो मात्र आजवर एकानेही उचललेला नाही. मंडळी, तुमच्यापुढे हात जोडतो. माझं नाव घालू नका, परवानगी विचारू नका, खुशाल तुमचाच म्हणून लावा. पण तेवढा खुलासा कुणीतरी चोरा हो!