बिंदू क्रमांक सात

आमच्या जेवणाच्या टेबलावर डावं-उजवं चालत नाही. "ती उजवीकडची चटणी दे" असं मी म्हटलं की माझी थोरली बहीण घास हातात धरून थांबते आणि विचारते, "कुणाच्या उजवीकडची? तुझ्या, माझ्या की चटणीच्या?" त्यामुळे आमच्याकडे चटणी ईशान्येला असते, लोणचं दक्षिणेला, आणि फ्रिजचं दार वायव्येला उघडतं. माझी बायको एकदा वैतागून म्हणाली, "ताई, आमटीत मीठ कुठल्या दिशेला कमी पडलंय तेवढं सांगा, म्हणजे नेमकं तिथेच टाकते." ताईने तिच्याकडे असं पाहिलं की पुढचे दोन दिवस आमटी सगळ्याच दिशांनी खारट झाली.

ताई पालघरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते आणि बोईसरला आमच्याबरोबर राहते. म्हणजे आम्ही तिच्याबरोबर राहतो, फ्लॅट तिच्या नावावर आहे. मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजतो. माझा भूगोल बोईसर पूर्व आणि बोईसर पश्चिम इथे संपतो. अठ्ठेचाळीस वर्षांचा झालो तरी तिच्या तोंडी मी सुध्याच आहे.

ताई मुळात रागीट. दूधवाला "आज थोडा उशीर झाला" म्हणाला तर "थोडा म्हणजे किती मिनिटं?" असं विचारते. मला कणकण आहे म्हटलं तर "पुरावा?" म्हणून थर्मामीटर पुढे करते. पण तिचा हा घरगुती राग होता. खरा राग तिला विद्यापीठाने शिकवला.

चाळिशी उलटल्यावर तिने पीएचडी करायचं ठरवलं. मला वाटलं, पुस्तकं वाचायची, एक जाड पुस्तक आपणही लिहायचं, की झालं. तसं नसतं. आधी प्रवेश परीक्षा. मग विषय घेऊन समितीपुढे उभं राहायचं. मग संशोधन कसं करायचं याचा अभ्यासक्रम, त्याचीही परीक्षा. वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईने तिच्याच एका जुन्या विद्यार्थिनीशेजारी बसून ती दिली. मग दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल, तीन प्रतींत. मार्गदर्शकांची सही हवी, तर ते परिषदेला गेलेले. ते परत आले की शिक्का असलेला कारकून रजेवर. समितीने तिच्या विषयाचं शीर्षक एकदा लांब करायला लावलं आणि दोन वर्षांनी त्याच समितीने ते लांब आहे म्हणून परत पाठवलं. दोन शोधनिबंध छापून झाले. मग उचलेगिरी तपासणाऱ्या यंत्राने प्रबंधाला लाल केलं, कारण त्यातली वाक्यं त्या दोन निबंधांशी जुळत होती. "मी माझीच चोरी केली म्हणतायत, सुध्या," असं म्हणत ताईने त्या दिवशी एवढ्या जोराने पोळ्या लाटल्या की खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला आले.

या सगळ्याला नऊ वर्षं गेली. दुसरी मुदतवाढही संपत आली होती. तिसरी मिळत नाही.

तिचा विषय किनाऱ्याचा. समुद्र जमिनीत किती आत येतोय ते मोजायचं. त्यासाठी तिने किनाऱ्यावर न हलणाऱ्या खुणा ठरवल्या होत्या: कुठे विहिरीचा कठडा, कुठे देवळाचं जोतं. उधाणाच्या भरतीला तिथून पाण्यापर्यंत टेप लावायची. सातवी खूण घिवलीला होती, हिराबाय नावाच्या कोळणीच्या मागच्या दाराची दगडी पायरी. ताईने वहीत "हिराबायची पायरी" असंच लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी त्यावर काट मारून "बिंदू क्र. ७" केलं. त्यावरूनही ती आठवडाभर धुमसत होती.

टेपचं एक टोक पायरीवर धरून हिराबाय बसायची आणि दुसरं घेऊन ताई पाण्याकडे चालायची. हिराबायला पूर्व-पश्चिम माहीत नव्हतं. तिच्या जगात दिशा दोनच: दर्याकडं आणि गावाकडं. "मास्तरीणबाय, जरा दर्याकडं सरका, टेप ढिली पडलीय," असं ती ओरडायची आणि ताई, आमची ताई, मुकाट्याने सरकायची. मी हे एकदा डोळ्यांनी पाहिलंय, नाहीतर मीही पुरावा मागितला असता.

मग एका पावसाळ्यात पाणी पायरीच्या फारच जवळ आलं, तेव्हा हिराबायचा मुलगा तिला सालवडला घेऊन गेला. तो तिथल्या एका कारखान्यात कामाला आहे. घर बंद झालं.

प्रबंध देण्याआधी समितीपुढे एकदा सगळं मांडून दाखवावं लागतं. त्या दिवशी मी ताईचे नकाशे धरून मागच्या बाकावर बसलो होतो. एका सदस्याने तक्त्यावर बोट ठेवलं. "सातव्या बिंदूच्या शेवटच्या चार नोंदी कोऱ्या का?"

ताई म्हणाली, "मोजलं नाही."

"का?"

ताईने तक्ता आपल्याकडे ओढून घेतला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच वाद न घालता. समितीने निकाल दिला: महिन्याभरात तिथली एक तरी ताजी नोंद आणा, नाहीतर प्रबंध स्वीकारता येणार नाही. बाहेर आल्यावर मार्गदर्शक हळूच म्हणाले, "मॅडम, कशाला त्रास घेता? मागच्या नोंदींची सरासरी काढून भरून टाका."

"समुद्राची सरासरी?" ताईचा आवाज चढला. "सर, समुद्र काय चाचणी परीक्षेला बसलाय?"

पण महिना सरत आला तरी ती घिवलीला जाईना. दोन उधाणं गेली. शेवटी मीच भडकलो. मी भडकतो तेव्हा माझा आवाज चिरका होतो आणि कुणी घाबरत नाही, तरी भडकलो. "नऊ वर्षं आम्ही ईशान्येची चटणी खाल्ली ती कशासाठी? एक टेप, एक पायरी. जाऊन मोजायला तुझं काय जातंय?"

"मी दर रविवारी कुठे जाते?" तिने विचारलं.

"कॉलेजच्या कामाला."

"पुरावा?" ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, चिडूनच, भराभर बोलली. "सालवडला जाते. हिराबायकडे. दारात पाय ठेवला की म्हातारी विचारते, मास्तरीणबाय, दर्या कवडा आला? मी सांगते, मोजलं नाही. ते खरं असतं. मोजलं की आकडा सांगावा लागेल. तिला अजून वाटतं, पावसाळा सरला की घरी जायचं. आकडा कळला की काय वाटेल तिला?"

"मग थोडं खोटं सांग."

मी प्रबंध चोरायला सुचवावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. पण तिसऱ्या उधाणाच्या दिवशी, पौर्णिमेला, सकाळी तिने टेप पिशवीत टाकली आणि म्हणाली, "चल, शून्य धरायला कुणीतरी लागेल."

शून्य धरणं मला जमण्यासारखं होतं. घिवलीला भरती ऐन भरात होती. घराच्या मागच्या दाराला कुलूप होतं आणि पायरी दिसत नव्हती. मी पाण्यात हात घालून ती चाचपली, टेपचं टोक दगडावर दाबलं. पाणी माझ्या गुडघ्याला लागत होतं. ताई माझ्याशेजारीच उभी होती. चालत जायला पुढे जमीनच नव्हती. तिने टेप पायरीपासून पाण्याच्या वर सरळ उभी ओढली. मग तिने वहीत आकडा लिहिला, खाली तारीख, वेळ, आणि माझ्याकडून सहीही घेतली. वही मिटून ती म्हणाली, "आता सालवड."

हिराबायची खोली दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्या इमारतीची वाळत घातलेली चादर दिसत होती. म्हातारी खाटेवर बसली होती. आम्हाला बघून सरळ झाली.

"आलं का मास्तरीणबाय? ह्यो कोन?"

"भाऊ माझा."

"बरा हाय." माझ्याबद्दलचं हे मत मी जपून ठेवलंय. मग तिने विचारलं, "दर्या कवडा आला?"

ताईने पिशवी मांडीवर घेतली. वही तीत होती. "आज मोजलं," ती म्हणाली. "हाय तिथंच हाय. थोडा मागंच गेलाय."

थोडा म्हणजे किती, ते तिने सांगितलं नाही. मी पाय खाटेखाली सरकवले, पण उशीर झाला होता. हिराबायची नजर माझ्या पॅन्टवर गेली. ती वाकली, ओल्या कडेला चिकटलेली रेती तिने दोन बोटांत घेतली आणि हळूहळू चोळत बसली.

"मंग पायरी सुकीच असल," ती म्हणाली.

"सुकी आहे," ताई म्हणाली.

"बरं झालं. मला काळजी व्हती." तिने बोटं पदराला पुसली आणि ताईच्या पाठीवर हात ठेवला. "तुमी चा घेतल्याशिवाय जायाचं नाय."

चहा झाला. जिना उतरताना ताई माझ्यावर कडाडली. पॅन्ट दुमडायची अक्कल नाही, म्हातारीपुढे न्यावं तर रेतीचा पुरावा घेऊन फिरतो, स्टोअरमध्ये आयुष्य गेलं तरी एक गोष्ट नीट ठेवता येत नाही. मी ऐकून घेतलं. तिचा आवाज नेहमीइतकाच मोठा होता, फक्त मध्येच कुठेतरी तुटत होता.

खाली रस्त्यावर ती थांबली. पदराने चष्मा पुसत म्हणाली, "रिक्षा कुठे मिळेल इथे?"

"डावीकडे," मी सवयीने म्हणून गेलो आणि जीभ चावली.

ताई वळली आणि डावीकडे चालू लागली.